पीजचा एक किलोवॅट

नडियाद स्टेशनवर उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "पीज." हा गुजरातचा चरोतर. सरदार पटेलांचा जन्म नडियादचा, 1918 चा खेडा सत्याग्रह याच मुलखातला, आणि अमूलचं आणंद इथून हाकेच्या अंतरावर. मला ओढ होती ती इथल्या बंद पडलेल्या टीव्ही केंद्राची.

1975 साली पीजला अवघ्या एक किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा राहिला. कार्यक्रम करायचे इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रातले लोक. दूरदर्शनही त्यात वाटेकरी होतं. त्याच वर्षी एटीएस-6 या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्ही पोचवणारा 'साइट' प्रयोग सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. तो प्रयोग वर्षभरात आटोपला. पीज चालू राहिलं.

संध्याकाळी दूधमंडळीच्या, म्हणजे गावच्या दूध सहकारी संस्थेच्या, ओट्यावर टेकलो. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बरणी रिती करत होती. नमुन्याचं दूध यंत्रात गेलं, फॅटचा आकडा उमटला, चिठ्ठी तिच्या हातात पडली. ती दोनदा वाचून तिने कनवटीला लावली. पूर्वी खेडा जिल्ह्यात अशाच मंडळ्यांत, शाळांत, पंचायतीत सार्वजनिक टीव्ही संच ठेवलेले असत. दूध घालायचं आणि तिथेच पडद्यासमोर बसायचं.

आणि पडद्यावर काय? आपलंच गाव. 'चतुर मोटा' या मालिकेत हुंडा आणि विधवाविवाह होता. 'हुं ने मारा ए'चा विषय कुटुंबनियोजन. नाव ऐकलं आणि मला आमच्याकडच्या बायकांचं 'आमचे हे' आठवलं. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई दोन्हीकडे सारखीच. अस्पृश्यता, शेतमजुरांची पिळवणूक हे विषयही टाळले जात नसत. संहिता लिहिण्याआधी संशोधक गावात जाऊन बसायचे, आणि कार्यक्रम झाल्यावर लोकांना काय कळलं, काय खटकलं, हे पुन्हा जाऊन विचारायचे. एवढी कळकळ पुढे आपल्या टीव्हीवर मला क्वचितच दिसली.

1982 पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मग गावोगाव लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, पण त्यांचं मुख्य काम दिल्लीचं चित्र पुढे ढकलण्याचं. मनोरे वाढले, गावाचा आवाज मात्र गेला. 1984 मध्ये पीजच्या या उपक्रमाला, म्हणजे खेडा प्रकल्पाला, ग्रामीण संपर्काच्या कामासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पीजचा ट्रान्समीटर हलवायचं ठरलं. लोकांनी विरोध केला, तरी शेवटी केंद्र मिटलंच. माझ्या मते ती चूक होती. तोट्यातली एसटीसुद्धा गावासाठी चालवतात, मग एक किलोवॅट काय जड होता?

मुंबईहून अहमदाबादला जाताना कधी सवड झाली तर नडियादला उतरा. संध्याकाळी एखाद्या दूधमंडळीवर जा आणि तिथल्या वयस्कर माणसाला 'चतुर मोटा'बद्दल विचारा. ते पाहिलेली माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या.