ऐब

अब्बा खरादी होते. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी आणि बिजाच्या लाकडाचे पेले करायचे. रात्री त्या पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते तांबूस झालेलं प्यायचं, हा मधुमेहावरचा जुना घरगुती उपाय. मी भाषा शिकवते, म्हणून एक सांगते. अरबीत कातकाम करणाऱ्याला 'खर्रात' म्हणतात, आपला 'खराद' त्यातलाच. मराठीत तो कातारी. 'कातीव' हा शब्दही याच कामातला.

अब्बांचा खराद आता मनीषनगरच्या आमच्या घरी शेडखाली आहे. सुट्टीत मी त्यावर वाडगे करते. लाकूड बहुतेक वादळात पडलेल्या कडुनिंबाचं. ओंडक्याचा मधला गर आधी काढून टाकावा लागतो, कारण चिरा तिथूनच सुरू होतात. वाळताना लाकूड वाढीच्या कड्यांच्या दिशेनं जास्त आकसतं, आडवं त्याच्या साधारण निम्मं. त्या ओढाताणीत ते फाटतं. म्हणून 10 इंची वाडगा आधी इंचभर जाडच ठेवायचा, काही महिने सावलीत वाळवायचा आणि मग पुन्हा कातायचा. खरादावर चढवण्याआधी बोटानं वाजवून बघायचा. आवाज बद्द आला तर आत चीर आहे. असं लाकूड फिरताना फुटून तोंडावर येऊ शकतं.

गेल्या हिवाळ्यात एका वाडग्याच्या काठाशी केसाएवढी चीर निघाली. मी तिच्यात लाकडाचा भुसा भरला, वरून फेविक्विक सोडलं, घासलं, तेल लावलं. चीर दिसेनाशी झाली. शेजारच्या काकूंना वाडगा आवडला. त्यांनी 300 रुपये दिले, मी घेतले. चिरेबद्दल बोलले नाही.

मे महिन्यात नागपूरचं ऊन तापलं आणि वाडगा उकलला. काकू तो घेऊन आल्या आणि मलाच म्हणाल्या, "मॅडम, माझ्याच हातून कुठं आपटला असेल."

मी पैसे परत केले, पण ते वाक्य गेलं नाही. अब्बा ऐब असलेल्या जागी खडूनं गोल करायचे आणि गिऱ्हाईक आलं की आधी तो गोल दाखवायचे. त्यांचं नुकसान व्हायचं, अम्मी चिडायची. मला ते अब्बांचं साधेपण वाटायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सातवीतला एक मुलगा उर्दू घडाघडा वाचतो, पण मराठीत जोडाक्षर आलं की अडतो. दुसरीचं पुस्तकही त्याला जड जातं. आणि सलग दोन वर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरातली वर्णनात्मक नोंद होती : 'वाचन समाधानकारक'. तोही भुसाच होता.

पालकसभेत मी त्याच्या अम्मीला बाजूला घेऊन खरं सांगितलं. नोंद चुकीची होती, चूक माझी, हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हम तो इसी को मारते थे."

ऐब लाकडात असतोच, मुलाच्या वाचनातही असू शकतो. पण तो झाकला की दोष भलत्याच्याच माथी जातो, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी तो स्वतःवर घेतला. या पोरानं मार खाल्ला.

आता शाळा सुटल्यावर रोज वीस मिनिटं तो माझ्याजवळ बसून वाचतो. काल 'विद्यार्थी' न अडखळता वाचलं. 'प्रात्यक्षिक' अजून येत नाही.

टेबलाच्या खणात मी एक खडू ठेवला आहे.