परक्या घरचा पाहुणा

आम्ही दोघे भाऊ मूळचे खालापूर तालुक्यांतील एका खेड्याचे. शिक्षणासाठीं कर्जतास मावशीच्या घरीं राहतों. आमच्या उल्हास व पाताळगंगा या नद्या शेवटीं समुद्रास मिळतात खऱ्या, परंतु समुद्र आम्हांस भेटतो तो कोळणीच्या टोपलींतच!

एका रविवारीं मावशी विळीवर तिसऱ्या उघडीत होती. एका शिंपल्यांत वाटाण्याएवढा, पिवळसर पांढरा, जिवंत खेकडा निघाला. ओढ्यांतील खेकड्याची नांगी बोटास कशी कडकडून धरते, हें आम्हां खेडवळ मुलांस चांगलें ठाऊक. याचें अंग मात्र सायीसारखें मऊ! मावशी म्हणाली, "अरे, तो तिसरीचा राखणदार असेल."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं शास्त्राच्या गुरुजींस विचारलें. ते हंसून म्हणाले, "ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल यासही सुमारें २३०० वर्षांपूर्वीं असेंच वाटलें होतें. पिन्ना नांवाच्या मोठ्या शिंपल्याचा राखणदार, म्हणून या खेकड्यास 'पिन्नोथेरिस' हें नांव मिळालें. पण तो राखण कांहीं करीत नाहीं."

मग त्यांनीं खरा प्रकार सांगितला. तिसरी पाणी आंत ओढते. त्यांतील सूक्ष्म वनस्पती तिच्या कल्ल्यांवर अडकतात व चिकट द्रवांत गुंडाळल्या जाऊन तोंडाकडे जातात. खेकडा तो घास वाटेंतच पळवितो. त्यामुळें यजमान बहुधा मरत नाहीं. परंतु त्याचे कल्ले दुखावतात व तो रोडावतो. मादी तर एकदां आंत स्थिरावली कीं जन्मभर तेथेंच राहते. दुसऱ्याचें कवच आयतें लाभल्यामुळें तिचें स्वतःचें कवच मऊच राहतें. नर आकारानें लहान, पण टणक; त्यास मादीच्या शोधार्थ बाहेर पडावें लागतें.

त्या रात्रीं मावशीनें वाढलेली ऊन भाकरी आमच्या घशाखालीं सहज उतरेना. आम्हीही परक्या घरींच राहत होतों. आणि दळण, पाणी, केरवारा सारें ती एकटी करीत होती. खेकड्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यास दुसरें जिणें ठाऊकच नाहीं. आम्हांस तें ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हीं हंडे उचलले. मावशी म्हणाली, "राहूं द्या रे, पाहुण्यांनीं का पाणी भरायचें?"

धाकटा म्हणाला, "मावशी, आम्ही पाहुणे नाहीं, घरचे आहों."