पाणी लागण्याआधी

मुंबईतल्या हॉटेलातून किंवा ऑफिसातून आम्हाला बोलावणं येतं ते शॅम्पूसाठी. रात्री काम करा, सकाळी कार्पेट कोरडं द्या, डाग आणि वास राहू देऊ नका, एवढी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. हाउसकीपिंगच्या मॅडम विचारतात, शॅम्पू कोणता, गरम पाणी वापरता ना, किती तासांत वाळेल? पाण्याआधी कोरडं काम किती वेळ करणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते कार्पेट किती वर्षं टिकणार ते त्याच कामावर ठरतं. आणि ते काम नीट व्हायचं तर दबलेली लव उभी करणारं यंत्र, पाइल लिफ्टर, हाताशी हवं.

कार्पेटवर उकिडवं बसून दोन्ही अंगठ्यांनी लव दुभंगून पाहा. वर नक्षी स्वच्छ दिसत असली तरी तळाशी राखाडी भुकटी सापडते. आजची बहुतेक यंत्रावर बनणारी कार्पेटं टफ्टेड असतात. सुयांची रांग अस्तराच्या कापडातून धागा ओवत जाते, मागून लॅटेक्सचा थर देऊन तो धागा पक्का करतात आणि वर दुसरं अस्तर चिकटवतात. अशा हजारो झुपक्यांच्या फटींतून कोरडे कण खाली उतरतात आणि लॅटेक्सच्या थरापाशी अडकून राहतात. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा मानतात, की कार्पेटमधल्या मळातला सुमारे तीन चतुर्थांश मळ हा असा सुटा आणि कोरडा असतो. तेलकट, चिकट मळ उरलेल्या भागात येतो. ज्या इमारतीसमोर रस्ता खणलेला आहे किंवा शेजारी टॉवर उभा राहतो आहे, तिथे रेती आणि सिमेंटची धूळ बुटांबरोबर रोज आत येते. रेतीतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ वर बसतं. साधी पोलादी सुरीही त्याच्या खालीच. नायलॉनचा धागा तर फारच मऊ. प्रत्येक पावलागणिक ते धारदार कण धाग्यावर घासले जातात.

या भुकटीवर थेट पाणी सोडलं की तिचा चिखल होतो. मळासह पाणी परत ओढणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन त्यातला काही ओढून घेतं, पण तळाशी बसलेला बराचसा तिथेच राहतो. मग कार्पेट वाळताना ओलावा धाग्यातून वर चढतो आणि मळही वर आणतो. दोन दिवसांत लिफ्टसमोरची तीच पट्टी पुन्हा काळवंडते आणि दोष शॅम्पूवर येतो. आपल्या घरांत धान्य आधी पाखडायचं, मग निवडायचं आणि शेवटी धुवायचं असा क्रम असे. कार्पेटचा क्रमही तोच आहे. अमेरिकेतल्या आयआयसीआरसी या संस्थेच्या एस-१०० या मानकातही कोरडा मळ काढण्याची पायरी पाण्याच्या आधी येते.

साध्या व्हॅक्यूमने हे का होत नाही, असं मला विचारतात. लव उभी असेल तर होतंही. पण कॉरिडॉरच्या मधल्या पट्ट्यात, रिसेप्शनसमोर, बँक्वेट हॉलच्या दाराशी लव आडवी पडलेली असते, झुपक्यांची टोकं उलगडून एकमेकांत गुंतलेली असतात. अशा थरावर तोंड टेकवलं की व्हॅक्यूमची हवा वरून सरकून जाते, तळापर्यंत पोचत नाही. आधी वाट मोकळी करावी लागते.

ब्रश आणि शोषण दोन्ही एकत्र लागतात, ही गोष्ट माणसाला कळायला बराच काळ लागला. १८७६ साली अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सच्या मेलव्हिल बिसेल यांनी कार्पेट झाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात चाकांबरोबर ब्रश फिरायचा, पण हवेचं शोषण नव्हतं. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी शोषणाचं यंत्र आणलं. घोड्यांनी ओढून आणलेलं ते धूड रस्त्यावर उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. सातव्या एडवर्डच्या १९०२ मधल्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतली कार्पेटं त्यांनी साफ केली. तिथे शोषण होतं, पण ब्रश नव्हता. दोन्ही एकत्र आणून नेटकं, घरात वापरता येईल असं यंत्र बनवलं ते ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानाची झाडलोट करणाऱ्या जेम्स मरी स्पँगलर यांनी. त्यांना दमा होता आणि उडणारी धूळ सोसवत नव्हती. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढे हूवर कुटुंबाने ते विकत घेऊन जगभर नेलं. रोज धूळ झाडणाऱ्या माणसाने धुळीवरचा हा उपाय शोधला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आमचा पाइल लिफ्टर याच वंशातला, फक्त अंगाने दणकट.

यात दोन मोटर असतात. एक हवा ओढते, दुसरी फक्त ब्रश फिरवते. त्यामुळे लव कितीही दाट असली तरी ब्रशचा जोर कमी पडत नाही. ब्रश लांब दंडगोल, त्याचे नायलॉनचे केस ताठ. यंत्र जड असतं आणि त्या वजनाचा उपयोगच होतो. केस लवेत शिरतात, आडवी पडलेली टोकं उचलतात, गुंता सोडवतात, आणि सुटलेली भुकटी त्याच क्षणी पिशवीत जाते. दोन ब्रश एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी हलकी यंत्रंही आता मिळतात. जिथे मालाची लिफ्ट नाही तिथे मी तीच नेतो. त्यातल्या बहुतेकांत शोषण नसतं, कचरा बाजूच्या ट्रेमध्ये पडतो, म्हणून त्यांच्या मागोमाग चांगला व्हॅक्यूम फिरवावाच लागतो.

नव्या मुलाच्या हाती मी पाइल लिफ्टर लगेच देत नाही. आधी त्याला कार्पेटवरून हात फिरवायला लावतो. एका बाजूने हात गेला की लव मऊ लागते आणि गडद-फिकट छटा बदलते, उलट फिरवला की अडते. ती अडणारी दिशा ओळखायची, कारण ब्रशने लव तिच्या कलाच्या विरुद्ध उचलायची असते. मग कडेने फिरून सुटलेले धागे पाहायचे. वर आलेला धागा ओढायचा नाही, कात्रीने लवेच्या उंचीला कापायचा. सेफ्टी पिना, स्टेपल, बँक्वेटच्या सजावटीतल्या तारा हाताने वेचायच्या. ब्रशची उंची अशी ठेवायची की केसांची टोकं लवेत शिरावीत पण अस्तरावर घासू नयेत. वायर खांद्यावरून मागे घ्यायची. आमचं यंत्र पुढे सोडताना हलकं धरतो आणि मागे ओढताना टेकवतो. काम ओढताना होतं. चाल संथ हवी. चालू यंत्र एका जागी थांबवायचं नाही, कारण घर्षणाने धागा तापतो आणि पॉलिप्रॉपिलीन तर लवकर वितळतं.

यापुढचं शिक्षण कानाचं. लव गच्च असली की मोटरचा आवाज खाली बसतो, मोकळी झाली की वर चढतो. मुलं काही दिवसांत म्हणू लागतात, “दादा, इथे अजून धरतंय.” तेव्हा मी निश्चिंत होतो. आवाज ऐकून जो पुन्हा एक हात मारतो, त्याला वेगळी देखरेख लागत नाही.

पिशवी रिकामी करताना मी ती पाहून घेतो. राखाडी बारीक भुकटी म्हणजे काम बरोबर चाललं आहे. थोडी लोकर, थोडे तुटके धागे नव्या कार्पेटमधून निघणारच. पण पांढरी पूड दिसू लागली तर लगेच थांबतो. ती बहुधा जुन्या, कुजत आलेल्या लॅटेक्सची असते, म्हणजे झुपक्यांची मुळं सैल होऊ लागली आहेत. अशा कार्पेटवर ब्रशचा जोर लावणं अन्याय आहे. तिथे साधं शोषण आणि कमीत कमी पाणी. लूप पाइल, म्हणजे न कापलेल्या फासांची लव, असेल तर फार जपून, कारण एक फास अडकला तर अख्खी ओळ उसवत जाते. भदोहीचे, काश्मीरचे हाताने गाठी मारलेले गालिचे, रेशमाची लव, झालरी, लांब केसांचे गालिचे या यंत्राखाली कधीच जात नाहीत. त्यांना हाताने फिरवायचा मऊ ब्रश आणि सवड लागते.

लव उभी राहील का, याचं उत्तर धागा देतो. लोकर नैसर्गिकरीत्या कुरळी असते, ओलावा शोषते आणि थोडी वाफ मिळाली की दबलेली लोकर छान सावरते. मोठ्या हॉटेलांतली ॲक्समिन्स्टर कार्पेटं बरेचदा ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉनची असतात, त्यांच्यावर काम करताना समाधान मिळतं. नायलॉनही चिवट. पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र एकदा दबलं की दबलेलंच राहू पाहतं. आणि धाग्याला कारखान्यात उष्णतेने दिलेला पीळच उलगडला असेल, तर कोणतंही यंत्र तो परत देत नाही. रेतीने घासून खरखरीत झालेला धागा प्रकाश वेडावाकडा परतवतो, म्हणून ती पट्टी स्वच्छ असूनही करडी दिसते. तो मळ नाही, झीज आहे. हे मी ग्राहकाला काम सुरू होण्याआधी सांगतो. एक कोपरा करून दाखवतो आणि म्हणतो, यापेक्षा जास्त होणार नाही. या स्पष्टपणामुळे काही कामं हातची जातात, पण जी राहतात ती वर्षानुवर्षं राहतात.

पाइल लिफ्टरने कोरडा मळ काढला की पुढचं सगळं सोपं होतं. हेन्केलच्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याच्या कामाचे चार घटक मांडले: रसायन, तापमान, वेळ आणि घासणं. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. ब्रशचं घासणं मी नीट केलं तर रसायन कमी पुरतं, पाणीही कमी लागतं, आणि कार्पेटमध्ये शॅम्पूचा चिकट अंश राहून त्यावर पुन्हा धूळ बसत नाही. मुंबईच्या जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत कमी पाणी म्हणजे पैशांची बचत तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुबट वास आणि बुरशी यांपासून सुटका. धुऊन झाल्यावर लव पुन्हा एकदा उभी करून घेतली की पंख्याची हवा झुपक्यांमधून फिरते आणि कार्पेट लवकर वाळतं.

अडचण उरते ती दराची. चौरस फुटाच्या एका दरात कोरडं आणि ओलं काम एकत्र बांधलं, की स्वस्तात काम घेणारा पहिला वेळ कापतो तो कोरड्या कामाचा, कारण ते कुणी पाहत नाही. फेस सगळ्यांना दिसतो, पिशवीतली भुकटी कुणी मागत नाही. म्हणून आता मी दरपत्रकात कोरड्या कामाची ओळ वेगळी लिहितो, त्याचा वेळ वेगळा धरतो आणि काम झाल्यावर पिशवी सुपरवायझरसमोर रिकामी करतो. कार्पेट विकत घेणाऱ्या, सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: कंत्राट देताना शॅम्पूच्या नावाआधी विचारा, पाणी लावण्यापूर्वी तुम्ही काय करता आणि त्याला किती वेळ देता. या प्रश्नाचं नीट उत्तर जो देईल, त्याच्या हाती तुमचं कार्पेट निर्धास्तपणे सोपवा.