भय आणि त्याग

कळंबला समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका किराणा दुकानावर जैन कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा संसार उभा राहिला. तेलाचे डबे, मागच्या बाजूला फरसाणाची कढई आणि गल्ल्यावर मुलगा. गेल्या वर्षी पर्युषणानंतर घरातल्या बांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा एका नातलगाने सांगितले की, तेल-तुपावर या पेशी पोसतात. बांनी त्याच दिवशी दोन्ही वर्ज्य केले. आयंबिलाची सवय होतीच. पण वजन झपाट्याने उतरू लागले आणि मुलाच्या मनात वेगळेच शल्य सलू लागले: आपण विकतो तेच तेल तर याला कारण नसेल?

तो वाचू लागला. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाम्लांचे, म्हणजे फॅटी ॲसिडचे बनते. वेगाने वाढणाऱ्या पेशीला ती अधिक लागतात. मात्र कर्करोगाची पेशी ती रक्तातून घेते, तशी स्वतःही तयार करते. बार्सिलोनातील संशोधकांना 2021 साली उंदरांमध्ये आढळले की, पामतेलात विपुल असलेल्या पामिटिक आम्लामुळे कर्करोग अधिक पसरतो. लिनोलेइक आम्लाने तसे झाले नाही. पुढे 2025 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले की, स्तनाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात हेच लिनोलेइक आम्ल वाढीला चालना देते. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात ते भरपूर असते. म्हणजे एकच मेदाम्ल एका पेशीला एक, दुसरीला दुसरे. अनेकान्ताच्या घरात वाढलेल्याला हे समजायला वेळ लागला नाही. शिवाय उंदरांवरचे निष्कर्ष म्हणजे माणसाचे पथ्य नव्हे.

आहारतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितले, “बा, उपचार चालू असताना वजन घटणे हाच मोठा धोका आहे. तेल मोजून घ्या, पण सोडू नका.” माशाच्या तेलाचा आग्रह त्यांनी धरला नाही. जवसाची चटणी आणि अक्रोड सुचवले. त्यांतही ओमेगा-3 मेदाम्ल असते. मात्र ते औषध नव्हे, हेही बजावले.

त्या सायंकाळी सूर्यास्तापूर्वी बांनी खिचडीवर चमचाभर तूप घेतले. “भिऊन सोडले ते तप कसले?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाने कढईतले पुन्हापुन्हा तापवलेले तेल काढून टाकले. फरसाणाचा नफा थोडा घटला. तो त्याने वहीत खर्चाच्या बाजूला मुकाट्याने मांडला.