माझं गुणपत्रक अभ्यासिकेच्या भिंतीवर

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. शेंद्र्यातल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एका मुलाने सरळ विचारलं, "ताई, नेटला किती पडले?" मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर आहे. रात्रपाळी करून येतो, दोन तास झोपतो आणि पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन बसतो. मी म्हणाले, "निकाल लागायचाय अजून."

निकाल लागून चार दिवस झाले होते. ३०० पैकी १४८.

दर रविवारी याच खोलीत मी पोरांना सांगते की खोटं बोलू नका, लाजू नका, शिका. बाबासाहेबांचा फोटो समोर, आणि मी त्याच फोटोखाली उभी राहून खोटं बोलले. परीक्षेत अपयश आलं याचं दुःख होतंच, पण रात्री झोप लागली नाही ती या दुसऱ्या गोष्टीने. म्हणून हा लेख.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यूजीसी-नेटमध्ये दोन पेपर असतात. पहिला सर्वांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. तीन तास सलग, संगणकावर. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही हेच गुण धरले जातात. नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. आरक्षित प्रवर्गाला किमान ३५ टक्के हवेत, ते मला मिळाले. पण किमान गुण मिळाले म्हणजे पास नव्हे. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी फक्त वरचे ६ टक्के पात्र ठरतात, तेही विषयवार आणि प्रवर्गवार. मी त्या रेषेच्या बरीच खाली राहिले.

आता माझी खरी अडचण. जेआरएफची वयोमर्यादा ३० वर्षं. अनुसूचित जाती आणि महिलांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे ३५. ऑगस्टमध्ये माझी पस्तीस पूर्ण होतात. सहायक प्राध्यापक होण्यासाठी किंवा पीएच.डी.साठी वयाची अट नाही, पन्नासाव्या वर्षीही परीक्षा देता येईल. अट आहे ती पैशाला. जेआरएफ म्हणजे पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. ते नसतील तर मला काम सोडून संशोधन करता येणार नाही, कारण माझ्या पगारावर घर चालतं. जूनच्या शेवटी होणारी परीक्षा ही माझी जेआरएफसाठीची शेवटची संधी आहे.

वयाची अट घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं? बाविसाव्या वर्षी एम.ए. झालेला, घरून पैसे येणारा, लगेच अभ्यासाला बसणारा. आमच्याकडे एम.ए. झालं की आधी धाकट्याची फी भरायची, बहिणीचं लग्न काढायचं, आईचं आजारपण काढायचं, मग उरलं तर आपलं. यात दहा वर्षं जातात. ही वर्षं मी वाया घालवली नाहीत, पण अर्जातल्या जन्मतारखेच्या रकान्याला हे कोण सांगणार?

चळवळीतला एक जुना सहकारी भेटला. निकाल त्याला कुठून तरी कळला होता. म्हणाला, "सोड गं. ही परीक्षाच त्यांची आहे. आपल्याला बाहेर ठेवायलाच काढलीय." त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मी एम.ए.ची समाजशास्त्राची उत्तरं मराठीत लिहिली. हिंदी आपल्याला येते असं वाटतं, पण 'शिक्षा' शब्द दिसला की मराठी डोक्यात आधी दंड येतो आणि मग शिक्षण. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, त्यात हे भाषांतर करायचं. शिवाय या परीक्षेला कुणी सोवळं समजायचं कारण नाही. १८ जून २०२४ ला नऊ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिलेली हीच परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द झाली होती. ज्यांना 'मेरिट' हा शब्द मंत्रासारखा उच्चारायची सवय आहे, त्यांनी तो दिवस आठवावा.

पण त्या सहकाऱ्याच्या सांत्वनात एक सोय दडलेली आहे. परीक्षाच त्यांची म्हटलं की माझी उत्तरपत्रिका उघडून बघायची गरज राहत नाही.

मी ती उघडली. अंतिम निकालाआधी आपण दिलेली उत्तरं आणि उत्तरसूची दोन्ही पाहता येतात, एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर प्रश्नामागे २०० रुपये भरून आव्हानही देता येतं. तेव्हा मी घाबरून वरवर पाहिलं होतं. मार्चमध्ये दोन रविवार बसून एकेक प्रश्न वहीत उतरवला. १५० पैकी ७४ बरोबर. ६५ चुकीचे. यातले २९ मला खरंच माहीत नव्हते. २४ माहीत होते, पण इंग्रजी वाक्यातलं 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' निसटलं, किंवा विधान आणि कारण या प्रकारात गोंधळ झाला. १२ निव्वळ घाई. आणि राहिलेले ११?

ते मी सोडूनच दिले होते. वेळ संपला आणि ११ प्रश्न कोरे राहिले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत! हे मला माहीत होतं. तरी शेवटच्या मिनिटाला एखादा पर्याय दाबायचं सुचलं नाही. याला मी व्यवस्था कशी म्हणू? घरी सगळा सराव कागदावर केला, संगणकावर घड्याळ लावून एकदाही बसले नाही. ही माझी चूक आहे.

एक चूक तर विसरता येत नाही. पहिल्या पेपरात भारतीय तर्कशास्त्राचा भाग असतो, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द वगैरे प्रमाणं. मी तो घटक 'ब्राह्मणी पोपटपंची' म्हणून वगळला होता. नंतर वाचायला घेतलं तर कळलं की दिङ्नाग हा बौद्ध आचार्य फक्त दोनच प्रमाणं मानतो, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला, म्हणजे ग्रंथ सांगतो म्हणून खरं, याला तो स्वतंत्र प्रमाण मानत नाही. म्हणजे जे मी परकं म्हणून टाकलं त्यात आपल्याच परंपरेचं सगळ्यात धारदार हत्यार होतं, आणि मी बौद्ध म्हणवून घेत त्यावर गुण घालवले.

एप्रिलमध्ये गावात मांगीरबाबाची जत्रा भरली. शेजारच्या मावशी मायेनेच म्हणाल्या, "बाबाला नवस बोल, पोरी." मी म्हटलं, मावशी, नवस बोलले तरी तर्कशास्त्राचा घटक मलाच वाचावा लागेल. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला डबा करून दिला, म्हणाल्या, तू वाच, आज भाकरीचं मी बघते.

त्याच दिवसांत जयंतीच्या भाषणाची तयारी करत होते आणि एक आकडा नव्याने दिसला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा, ३८ सुद्धा भरत नाही. आज एखाद्या पोराला एवढे पडले तर घरचे निकाल लपवतील. आपल्या लोकांनी त्या काळी काय केलं? त्यांनी सभा घेतली, आणि दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ही सभा कीर मॅट्रिकनंतरची सांगतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत मात्र बाबासाहेब स्वतः ती इंग्रजी चौथी पास झाल्यावरची सांगतात. वडिलांनी आधी नकार दिला होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. लोक हटले नाहीत, त्यांनी केळुसकरांना मध्ये घातलं. सभा चौथीची असो की मॅट्रिकची, इतर समाजांनी दखलही घेतली नसती अशा निकालासाठी आपली माणसं जमली होती. निकाल लपवायची वस्तू आहे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते आपण नंतर शिकलो, थोडे शिकल्यावर.

आणि पुन्हा देण्याचं म्हणाल तर लंडनचा प्रबंध आहेच. १९२३ मध्ये परीक्षकांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' फेरलिहायला सांगितला. पैसे संपले होते, बाबासाहेब मुंबईला परतले, इथून फेरलिहून पाठवला आणि डी.एस्सी. मिळवली. परीक्षकांवर त्यांचा राग नसेल असं मला वाटत नाही. पण प्रबंध पाठवला.

१५ एप्रिलला, मिरवणुकीचा गुलाल अजून चपलांना असताना, मी गुणपत्रकाची प्रिंट काढली आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवली. रोल नंबर खोडला, गुण ठेवले. खाली वहीतले चार ढीगही लिहिले: २९, २४, १२, ११. समितीतल्या एका काकांना आवडलं नाही. "पोरांसमोर असं काय लावायचं? आदर्श ठेवावा माणसाने." मी म्हटलं, काका, ही पोरं माझ्यासारखीच पहिल्यांदा नापास होणार आहेत, तेव्हा त्यांच्याजवळ एक तरी नमुना असू द्या. ते काही बोलले नाहीत. कागद मात्र काढला नाही. आता त्याच्या शेजारी आणखी दोन कागद लागलेत, एक पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचा, एक तलाठी परीक्षेचा.

रोज पहाटे साडेचारला उठते. सहाच्या सुमारास पहिल्या पाळीच्या बसेस जालना रोडवरून वळायला लागतात, तोवर पहिल्या पेपरचा एक घटक होतो. संध्याकाळी दुसरा पेपर, आता इंग्रजीतूनच, प्रत्येक संज्ञेचा मराठी शब्द शेजारी लिहून. ही शब्दांची वही चाळीस पानांची झालीय. माझं काही होवो, ती वही अभ्यासिकेतच राहणार आहे.

त्या रात्रपाळीवाल्या मुलाला मी खोटं बोलल्याचं सांगितलं. तो भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. मग वळून म्हणाला, "अकरा कोरे सोडले? ताई, मला तर रोज ओरडता तुम्ही." मी गप्प. "रविवारी तुमच्या सरावाला घड्याळ मी लावतो," तो म्हणाला. "दहा मिनिटं राहिली की टेबल वाजवणार."

तीन रविवार झाले, वाजवतोय.