हातभर अंतर

पहाटे सायकलने खडकवासल्याला निघाले होते. किरकटवाडी फाट्याच्या पुढे एक मोटार कोपराला घासेल इतक्या जवळून गेली, वर कर्कश हॉर्न. हे लिहिताना हात अजून थरथरतोय.

पूर्वी मी ओरडायचे. एकदा सिग्नलला गाठून काच ठोठावली, तर त्या माणसाने शिव्या दिल्या आणि निघताना मुद्दाम अंगावर गाडी घातली. टनभर लोखंडासमोर माझी बारा किलोची सायकल. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. माझं बरोबर असणं त्यात कुठेच मोजलं जात नाही.

म्हणून आता अगदी कडेने चालवत नाही. तिथे खडी असते, गटाराची झाकणं असतात, शिवाय मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसवू. हात-दीड हात आत राहिलं की त्याला नीट वळसा घालूनच पुढे जावं लागतं. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर सोडते. वळण्याआधी हात दाखवून मागे बघते. नजरानजर झाली की बरेच जण वेग कमी करतात.

राग गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही. कारण माझ्याकडे निदान हेल्मेट आहे, मागे लाल दिवा आहे. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या जुन्या सायकलला तोही नसतो, आणि त्यालाच सगळ्यात जास्त हॉर्न खावे लागतात.

परतताना मी खड्डा चुकवेपर्यंत एक टेम्पोवाला मागेच थांबला. मी हात केला. त्यानेही केला.