कवड्या की मण्यार?

बिबवेवाडीत जागोजागी पुनर्विकासाचे पत्रे लागलेत. काकांची तीन मजली सोसायटीही त्यांच्याआड गेली. बाकी काय बदललं ते कुणालाही दिसेल. मी शोधत होतो ती जिन्याखालची जागा. पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही पोरं तिथे काकांच्या सापांच्या वर्गाला उकिडवी बसायचो.

काका स्वारगेटला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीच्याच वर्षी काकू गेल्या. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून ते पीएमटी पकडून कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन बसू लागले. नीलिमकुमार खैरे यांनी 1986 मध्ये उभारलेलं हे उद्यान. 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर काचेच्या केबिनमध्ये 72 तास काढणारे हेच खैरे. आम्हाला तो पराक्रम पाठ होता. काकांनी मात्र आम्हाला एकदाही सापाला हात लावू दिला नाही. "आधी बघायला शिका," म्हणत. वर्ग सातला म्हणजे सातला. उशिरा येणाऱ्याची गाडी सुटलेली.

मार्केट यार्डाची गोदामं जवळ, म्हणून उंदीर, उंदरांमागे धामण. धामण माराल तर उंदीर कोण आवरणार, हा त्यांचा साधा हिशेब.

एका संध्याकाळी वीज गेलेली आणि मीटरच्या पेटीमागून साप निघाला. "मण्यार, मण्यार!" काठ्या घेऊन माणसं धावली. काकांनी सगळ्यांना मागे सारलं, बॅटरीचा झोत सापावर धरला आणि वर्गाला येणाऱ्या एका चौथीतल्या मुलीला विचारलं, "पट्टे कुठून सुरू होतात?"

"मानेपासून."

"शेपटीकडे?"

"पुसट झालेत."

"मग कोण हा?"

"कवड्या. बिनविषारी."

मण्यारीचे पट्टे मानेजवळ नसतात. मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. एवढं त्या पोरीला येत होतं, काठीवाल्यांना नव्हतं. काका म्हणाले, "मण्यार असती तरी काठी नकोच होती." त्या अंधारातही त्यांचा चेहरा मला दिसला. काकू गेल्यानंतर तसा तो कधी दिसला नव्हता.

सोसायटीत मात्र "पोरांना नादी लावतो" हीच कुजबुज. ते गेले तेव्हा चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर फोटोखाली लिहिलं होतं, "सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक". ज्यांच्या न्हाणीघरांतून त्यांनी साप काढले, त्यांनीच तो लावलेला. सापांबद्दल, मुलांबद्दल अक्षर नाही. ते मला अजून सलतं. नोकरीने त्यांना पेन्शन दिली. जगायला कारण दिलं ते आम्ही पोरांनी.

नव्या इमारतींतही पावसाळ्यात साप निघतील. तेव्हा काठी शोधू नका. लांब उभे राहा, नजर ठेवा, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर किंवा जाणत्या सर्पमित्राला फोन करा. दंश झालाच तर मांत्रिकाकडे नको, थेट रुग्णालयात. प्रतिविष तिथेच मिळतं. आणि पोरांना घरात कोंडू नका. सुरक्षित अंतरावर शेजारी उभं करा आणि विचारा, पट्टे कुठून सुरू होतात?